विश्लेषण : रोह्याचे चिंतामणराव, देशातला पहिला संगणक आणि मदरबोर्डवरची ‘रिव्हिजन’

संगणक जुळवायचा म्हणून पेण-रोह्याहून पनवेल किंवा मुंबई गाठणाऱ्या मुलांना एक अनुभव हमखास येतो. मदरबोर्डचे नाव व्हिडीओत पाहिले तेच, खोकेही तेच. पण घरी आल्यावर कळते की आवाजाची चिप वेगळीच आहे. फसवणूक झाली का? बहुतेक वेळा नाही. बोर्डाची ‘रिव्हिजन’ बदललेली असते. देशात आलेल्या पहिल्या डिजिटल संगणकाच्या नावातही अशीच आवृत्ती दडलेली होती, आणि तो जिथे बसवला गेला त्या संस्थेचे अध्यक्ष होते रोह्याचे चिंतामणराव देशमुख.

देशमुख रोह्याचे कसे?

जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. वडील द्वारकानाथ वकील. घर रोह्याचे, त्यामुळे बालपण कुंडलिकेच्या काठचे. १९१२ मध्ये ते मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी पटकावली. केंब्रिजला मात्र त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र घेतले. १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पुन्हा पहिला क्रमांक. पुढची वीस वर्षे मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या प्रशासनात गेली.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. त्याच सुमारास त्यांनी ‘मेघदूता’चे मराठीत पद्य भाषांतर केले. बँकेचा गव्हर्नर कालिदासात रमतो याचे आज नवल वाटेल. संस्कृतवर पोसलेल्या त्या पिढीला ते तितके वाटले नसावे. १९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५२ मध्ये कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, मतदारसंघातून लोकसभेवर गेले.

संगणकाशी त्यांचा संबंध काय?

कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांची भारतीय सांख्यिकी संस्था होती. १९४५ ते १९६४ तिचे अध्यक्षपद देशमुखांकडे होते. म्हणजे मंत्री असताना योजनेला पैसा देणारे आणि योजनेचे आकडे मोजणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, अशा दोन्ही बाजू त्यांनी जवळून पाहिल्या. संगणक आणण्याचा ध्यास अर्थात महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. ते श्रेय देशमुखांच्या नावावर टाकणे बरोबर नाही. पण राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची आकडेमोड हाताने उरकणारी नव्हती, आणि ही गरज समजणारा माणूस अर्थखात्यात होता.

ब्रिटनहून १९५५ मध्ये यंत्र आले, किंमत सुमारे २ लाख रुपये. नाव ‘एचईसी-२एम’. अँड्र्यू बूथ या संशोधकाच्या मांडणीवरून ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीने १९५१ मध्ये पहिला नमुना बनवला, तो एचईसी-१. सुधारलेला एचईसी-२. त्याचीच विक्रीसाठी केलेली आवृत्ती २एम, आणि व्यापारी कामासाठी पुढे एचईसी-४. मूळ मांडणी एक, भाग बदलत गेले. कोलकात्याच्या यंत्रात व्हॉल्व्ह होते आणि फिरत्या चुंबकीय ड्रमवर १०२४ शब्दांची स्मृती. शब्द म्हणजे इथे एका वेळी हाताळली जाणारी संख्या. तुमच्या फोनवरचा एक फोटोही त्यात मावला नसता.

मग आपल्या बोर्डावर काय पाहायचे?

पेणच्या गणपती कारखान्यात एकाच साच्यातून मूर्ती निघतात, पण रंग आणि डोळ्यांची आखणी बदलली की मूर्ती वेगळी दिसते. बोर्डाचे तसेच. मॉडेलचे नाव हा साचा, ‘रेव्ह १.०’, ‘१.१’, ‘२.०’ हे आकडे सांगतात की आतले काय बदलले. काही कंपन्या हा आकडा बोर्डाच्या कोपऱ्यात छापतात, काही खोक्याच्या स्टिकरवरही. एखादी चिप मिळेनाशी झाली, चूक दुरुस्त करायची होती किंवा खर्च कमी करायचा होता, यातले काहीही कारण असू शकते. नवी रिव्हिजन म्हणजे चांगली, हे मात्र गृहीत धरू नका. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग नव्या आवृत्तीत हलका केल्याचीही उदाहरणे आहेत.

सर्वांत मोठा धोका बायोसचा. एका रिव्हिजनचे बायोस दुसरीवर चढवले तर बोर्ड सुरूच न होण्याची शक्यता असते. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलबरोबर रिव्हिजनही निवडा, मगच फाइल उतरवा.

आवाजाचे म्हणाल, तर १९९० च्या दशकात त्यासाठी वेगळे साउंड कार्ड लावत. १९९७ च्या ‘एसी ९७’ आणि २००४ च्या ‘एचडी ऑडिओ’ या इंटेलच्या मानकांनंतर ते काम बोर्डावरच्या छोट्या कोडेक चिपकडे गेले. रिअलटेकची ‘एएलसी८९७’ साधी, ‘एएलसी१२२०’ वरच्या दर्जाची. ऑनलाइन तास आणि सिनेमासाठी साधी पुरते. भजन किंवा भाषण ध्वनिमुद्रित करायचे असेल तर महागड्या बोर्डापेक्षा वेगळा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घेतलेला बरा. बोर्डावरच्या इतर भागांची खरखर त्यात कमी येते.

पुढे देशमुखांचे काय झाले?

१९५६ मध्ये एचईसी-२एम कामाला लागला आणि त्याच वर्षी जुलैत देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचा निर्णय त्यांना मान्य नव्हता. कुलाब्याच्या खासदाराने दिल्लीतले सर्वांत वजनदार खात्यांपैकी एक असे सोडून दिले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार, १९६२ पासून दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद. १९६९ मध्ये ते राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि हरले. १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले.

२ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले. रोह्यात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. आणि एचईसी-२एमचा पूर्वज, १९५१ चा तो पहिला नमुना, ब्रिटनमध्ये आजही जपून ठेवला आहे.