मलिक अंबर

आज ज्या नगरास छत्रपती संभाजीनगर म्हणतात, तेथे चारशे वर्षांपूर्वी खडकी नावाचे लहानसे गाव होते. इ. स. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तेथे नवे शहर वसविले. हा पुरुष मूळचा हबसाणातला. बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा धनी बदलत दक्षिणेत आला आणि स्वतःच्या कर्तृत्वाने एका राज्याचा आधारस्तंभ झाला.

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा निजामशाही बुडाल्यातच जमा होती. अंबरने राजघराण्यातील एका पुरुषास गादीवर बसविले व मराठे सरदार हाताशी धरून झुंज चालू ठेवली. मोगलांची फौज अफाट. तिच्याशी उघड्या मैदानात गाठ पडणे धोक्याचे. १६१६ मध्ये तसा प्रसंग आला. अंबरचा पराभव झाला आणि शत्रूने खडकीची राखरांगोळी केली.

परंतु जहांगीर बादशहाला एकच सरहद्द राखावयाची नव्हती. १६२० मध्ये तो काश्मीरात होता व त्याचे सैन्य कांगड्याच्या वेढ्यात गुंतले होते. हे हेरून अंबरने तह मोडला व गेलेला मुलूख परत घेतला. शब्द मोडला हे खरे. पण त्या काळी कोणता दरबार शब्दाला जागत होता? पुढच्याच वर्षी शाहजादा खुर्रमने येऊन त्याला पुन्हा नमविले. मात्र १६२२ मध्ये इराणच्या शहाने कंदाहार घेतले, आणि तिकडे जाण्याऐवजी खुर्रमने बापाविरुद्धच बंड पुकारले. मोगलांचे निवडक सैन्य त्याच्या पाठलागावर गेले.

आता पाळी अंबरची होती. मोगल आणि विजापूर यांनी हातमिळवणी केली. दोन बाजूंनी दोन शत्रू! विजापूरची फौज मोगलांच्या मदतीस गेलेली पाहून अंबरने थेट विजापुरालाच वेढा घातला. ती फौज मोगलांसह धावत परतली. तेव्हा तो मागे हटत हटत अहमदनगरजवळच्या भातवडीस आला. तेथील तलावाचा बांध त्याने फोडला. वाटांवर चिखल माजला, रसद तुटली, शत्रूच्या छावणीत माणसे व जनावरे उपाशी पडली. मग १६२४ च्या त्या लढाईत त्याने दोन्ही सैन्यांचा धुव्वा उडविला. शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले.

१६२६ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या सुमारास, अंबर मरण पावला. खुलताबादेस त्याची कबर आहे. पुढे दहाच वर्षांनी मोगल व विजापूर यांनी निजामशाहीचा मुलूख आपसात वाटून घेतला.