साथीला थिरकवा

आधीच सांगून टाकतो, मी कॉन्व्हेंटवाला. दहावीला मराठीचा पेपर कसाबसा निघाला होता. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करून वाचा, प्लीज.

आमच्या हॉस्टेलच्या बँडमध्ये मी बेस गिटार वाजवतो. आवड म्हणून नाही हं. लीड दोघांना हवी होती, ड्रम्स ज्याचे होते तोच वाजवणार होता, उरला बेस. तो माझ्या गळ्यात पडला. मागच्या गॅदरिंगला आम्ही उतरल्यावर मेसच्या काकांनी अगदी प्रेमाने विचारलं, की बाळा, तू नुसता उभा का होतास? बास्स! त्या रात्री ठरवलं, बँड सोडायचा.

हे सगळं मी फोनवर आजोबांना सांगितलं. ते जालन्याला असतात. बेस म्हणजे काय, हे त्यांना समजावणं अवघड होतं. मी म्हटलं, चार जाड तारा असतात, वाजत असताना कोणाचं लक्ष नसतं, पण थांबल्या की गाणं एकदम पोकळ वाटतं. आजोबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, म्हणजे डग्गाच की! मग त्यांनी एक नाव सांगितलं, उस्ताद अहमदजान थिरकवा. दिवाळीत गेलो तर त्यांची कॅसेट काढून ठेवलेली. आमच्याकडे वाजवायला टेप नाही, ही गोष्ट वेगळी.

बेसवाला स्टार होतच नाही असं नाही. मेटालिकाचा क्लिफ बर्टन हॉस्टेलमध्ये सगळ्यांना माहीत आहे. १९८३ साली बँडच्या पहिल्याच अल्बममध्ये त्याचा बेसचा सोलो होता. १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात तो गेला, वय फक्त २४. पण थिरकवांची गोष्ट आपल्या मराठी नाटकातली आहे, आणि ती मला कोणी सांगितलीच नव्हती.

माणूस मराठी नव्हे. जन्म मुरादाबादचा, १८९२च्या सुमाराचा. घरात गाणं-वाजवणं होतंच. आधी ते गाणं आणि सारंगी शिकले. मग मुनीर खाँचा तबला कानावर पडला आणि बाराव्या वर्षी ते त्यांचे शागीर्द झाले. खाँसाहेब मुंबईला असत. सोळाव्या वर्षी खेतवाडीत या मुलाने पहिला कार्यक्रम केला. थिरकवा हे काही आडनाव नाही. बोटं तबल्यावर थिरकतात म्हणून मुनीर खाँच्या वडिलांनी, काले खाँनी, ते नाव दिलं असं सांगतात. निकनेम म्हणा ना! पण असं चिकटलं, की खरं नाव मागे पडलं.

पुढे ते बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत आले. ही कंपनी १९१३ साली निघालेली. नाटक रात्री सुरू व्हायचं आणि वन्समोअर घेत घेत पहाटेपर्यंत चालायचं. स्टेजवर शालू नेसलेले बालगंधर्व, आणि साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवांचा तबला. आता विचार करा. या माणसाकडे दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद अशा घराण्यांचे कायदे, रेले, गती यांचा केवढा साठा! एकटे बसले तर तासभर तबला सोलो वाजवतील. आणि इथे काम काय, तर मराठी पदाला ठेका धरायचा. रात्रभर. लोकांचे डोळे गंधर्वांवर.

आणि तरीही लोक तबल्याला दाद देत! कसं काय? मला वाटतं, ते ठेका कसा वाजवत, त्यात सगळं आहे. त्रितालाच्या मात्रा १६, बोल सगळ्या तबलजींचे तेच. बालगंधर्व एखाद्या शब्दावर रेंगाळणार, तो परत परत वेगळा घेणार. खालची लय हलली तर गाणाऱ्याला उभं राहायला जमीनच नाही. ती जमीन थिरकवा धरून ठेवत. मग समेच्या तोंडावर दोन-चार बोलांचा छोटा तुकडा टाकायचा, आणि पुन्हा ठेका. सगळा साठा खिशात ठेवून दोनच नाणी काढायची. आमचा लीडवाला हे वाचत असेल अशी आशा आहे.

इंजिनिअरिंगचं मॅगझिन आहे म्हणून थोडं फिजिक्स. साध्या ताणलेल्या पडद्यावर बडवलं तर ओव्हरटोन्स बेसूर येतात. तबल्याच्या मधल्या काळ्या शाईच्या वजनामुळे ते सुरात बसतात. हे सी. व्ही. रामन यांनी दाखवलं, १९३४ साली त्यावर पेपरही लिहिला. डग्ग्यावर मात्र शाई मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते. मनगट दाबून सरकवलं की आवाज खालून वर चढतो. माझ्या जाड तारेची नोट ४१ हर्ट्झची आहे. तीही मला अजून अशी बोलती करता आलेली नाही.

पुढे कंपनी कर्जात बुडाली. बोलपट आले. १९३५ मध्ये बालगंधर्वांनी प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथांची भूमिका केली, म्हणजे आपल्या पैठणच्या नाथांची. (आपल्या गावातलं रंगमंदिरही त्याच नावाचं, हे लिहिताना आत्ता लक्षात आलं.) थिरकवा १९३६ला रामपूरच्या नबाबांच्या दरबारी गेले. फैय्याज खाँसारख्यांना साथ केली. संस्थानं गेल्यावर लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवलं. निखिल घोष, लालजी गोखले, भाई गायतोंडे हे त्यांचे शिष्य. पूर्वी तबला म्हणजे साथीचं वाद्य. नुसता तबला ऐकायला लोक तिकीट काढून बसू लागले, त्याचं मोठं श्रेय थिरकवांना जातं. १९७० साली पद्मभूषण मिळालं. १३ जानेवारी १९७६ला लखनौमध्ये ते वारले.

त्यांचं म्हातारपणीचं ब्लॅक अँड व्हाईट फुटेज यूट्यूबवर आहे. मी मेसमध्ये हेडफोन लावून पाहिलं. नंतर एक कान बंद करून फक्त डग्गा ऐकायचा प्रयत्न केला. जमलं नाही, पण त्या नादात भाजी गार झाली.

बँड सोडतोय हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. परवा प्रॅक्टिसला मी निम्म्या नोट्स गाळल्या, उरलेल्या तेवढ्या घड्याळासारख्या ठेवल्या. गाणं संपल्यावर ड्रम्सवाल्याने मागे वळून विचारलं, आज तू काय वेगळं केलंस?