बिल फिंगर : बॅटमॅनच्या खलनायकांचा निर्माता

१९४० च्या वसंत ऋतूत 'बॅटमॅन' या स्वतंत्र चित्रकथा-पुस्तकाचा पहिला अंक न्यूयॉर्कमध्ये आकार घेत होता. त्या अंकातील शेवटच्या कथेत जोकर मरणार होता. झटापटीत स्वतःचाच सुरा छातीत रुतून तो कोसळतो, असा शेवट लेखकाने योजला होता. एकच खलनायक वारंवार परतू लागला तर त्याला कायमचा आवर न घालू शकणारा नायक वाचकांना दुबळा वाटेल, ही त्यामागची धास्ती होती. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना मात्र हे पात्र गमावणे मान्य नव्हते. ऐनवेळी एक चौकट वाढवण्यात आली आणि त्या चौकटीत जोकर अजून जिवंत असल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. आपल्याच निर्मितीचे बळ त्या क्षणी पुरते न ओळखलेले, पण पुढे तेच बळ आयुष्यभर जोपासणारे हे लेखक म्हणजे बिल फिंगर. त्या अंकावर त्यांचे नाव नव्हते.

फिंगर यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९१४ रोजी कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे एका ज्यू कुटुंबात झाला. जन्मनाव मिल्टन. बालपण व शिक्षण न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाले. लेखक होण्याची आस होती. परंतु शिक्षण संपले तेव्हा अमेरिका महामंदीच्या खाईत होती. पोटासाठी त्यांना जोडे विकण्याची नोकरी करावी लागली. वाचन अफाट होते, रहस्यकथा व चित्रपट यांचे वेड होते. १९३८ च्या सुमारास बॉब केन या तरुण चित्रकाराशी त्यांची गाठ पडली आणि केन यांच्या चित्रांसाठी ते कथा लिहू लागले.

त्याच वर्षी सुपरमॅन अवतरला होता व प्रकाशकांना तसाच दुसरा नायक हवा होता. केन यांनी एक चित्र काढून आणले. तांबड्या पोशाखातील, डोळ्यांवर लहानशी पट्टी बांधलेला आणि पाठीला ताठ पंख लावलेला तो माणूस होता. पट्टीऐवजी टोकदार कानांचा मुखवटा, पंखांऐवजी वाऱ्यावर फुगणारा झगा, भडक रंगाऐवजी करडा व काळा रंग आणि हातमोजे हे सारे बदल फिंगर यांनी सुचवले. ब्रूस वेन हे नावही त्यांचेच. मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या सत्ताविसाव्या अंकात बॅटमॅनची पहिली कथा आली, ती फिंगर यांनी लिहिली होती. तिचा आराखडा 'द शॅडो' या तत्कालीन लोकप्रिय मालिकेतील एका कथेवर बेतलेला होता, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले.

सुपरमॅनला बंदुकीची गोळी लागत नव्हती. त्याच्यासमोर कोणाला उभे करावे, हा त्याच्या लेखकांना कायम छळणारा प्रश्न होता. बॅटमॅनची गोष्ट वेगळी होती. त्याच्यापाशी अलौकिक शक्ती नव्हती. डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून झालेले एक मूल मोठे झाले होते, एवढेच. दुःखातून जन्मलेल्या या नायकाला शत्रूही दुःखातून, अपमानातून किंवा वेडातून जन्मलेला लागतो, हे फिंगर यांनी हेरले. बॅटमॅनच्या खलनायकांचे सामर्थ्य त्यांच्या मनगटात नाही. एकाच ध्यासाने पछाडलेल्या त्यांच्या मनात ते आहे, आणि नायकाचे मनही त्याच जातीचे आहे.

जोकर नेमका कोणाचा, याविषयी केन, फिंगर आणि साहाय्यक चित्रकार जेरी रॉबिन्सन या तिघांच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. रॉबिन्सन यांनी पत्त्यांतील जोकर पुढे केला. फिंगर यांनी १९२८ च्या 'द मॅन हू लाफ्स' या मूकपटातील नट कॉनराड फाइट यांचे छायाचित्र आणून दिले. व्हिक्टर ह्यूगो यांच्या कादंबरीवरील त्या चित्रपटाच्या नायकाच्या चेहऱ्यावर बालपणीच कायमचे हास्य कोरलेले असते. हसणारा चेहरा आणि त्यामागील भय यांचा तो संयोग फिंगर यांच्या पटकथांतून सजीव झाला. १९५१ साली त्यांनीच जोकरची पूर्वकथा लिहिली. बॅटमॅनपासून सुटण्यासाठी रसायनात उडी घेतलेला एक गुन्हेगार पांढरा चेहरा आणि हिरवे केस घेऊन बाहेर येतो. जोकरला हा चेहरा मिळाला तो नायकाच्या पाठलागातूनच.

जोकरच्याच जोडीने, पहिल्याच अंकात, मांजरीच्या चपळाईने दागिने लांबवणारी कॅटवुमन आली. तिच्याबाबतीत नायकाचा निश्चयच डळमळतो आणि तो तिला निसटू देतो. १९४१ साली बुजगावण्याचे सोंग घेणारा स्केअरक्रो आला. हा मानसशास्त्राचा प्राध्यापक, भय हाच त्याच्या अभ्यासाचा आणि गुन्ह्याचाही विषय. त्याच वर्षी रुबाबदार पोशाख केलेला, छत्रीत शस्त्रे दडवणारा पेंग्विन अवतरला. १९४८ साली रिडलर आला. शाळेतील कोड्यांच्या स्पर्धेत लबाडीने जिंकलेला हा मुलगा पुढे गुन्हा करण्याआधी पोलिसांना कोडे धाडल्याशिवाय राहत नाही.

या सर्वांत टू-फेस हे पात्र विशेष लक्षणीय आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये आलेल्या त्या कथेत एका सचोटीच्या सरकारी वकिलाच्या तोंडावर भर न्यायालयात अ‍ॅसिड फेकले जाते. अर्धा चेहरा विद्रूप होतो आणि त्यासोबत मनही दुभंगते. दोन्ही बाजूंना छापा असलेल्या एका नाण्याची एक बाजू तो खरवडून टाकतो आणि चांगले करायचे की वाईट, हे त्या नाण्यावर सोपवतो. वाचकाला त्याचा राग येण्याआधी त्याची कणव येते. लहान मुलांसाठी छापल्या जाणाऱ्या स्वस्त पुस्तिकेत ही गोष्ट सहज घडणारी नव्हती.

१९४८ च्या आणखी एका कथेत फिंगर यांनी नायकाला त्याच्या आईवडिलांच्या मारेकऱ्यासमोर उभे केले. जो चिल नावाच्या त्या गुंडाला बॅटमॅन मुखवटा काढून आपला चेहरा दाखवतो. घाबरलेला चिल साथीदारांकडे धावतो आणि बॅटमॅन आपल्यामुळे जन्मला, हे सांगून बसतो. ज्याच्यामुळे आपला धंदा बुडाला तो बॅटमॅन याच माणसाने घडवला, हे ऐकताच ते साथीदार त्याला गोळ्या घालतात. खलनायक आणि नायक एकमेकांना घडवतात, हे सूत्र इतक्या थोड्या पानांत क्वचितच कोणी मांडले असेल.

फिंगर मेहनतीने लिहीत. सुचलेल्या कल्पना आणि माहितीचे तुकडे यांची टिपणवही ते बाळगत. चित्रकारांच्या सोयीसाठी पटकथेला मासिकांतील छायाचित्रे जोडत. या चोखंदळपणामुळे काम मात्र वेळेवर पूर्ण होत नसे. हातात पैसा टिकत नसे. केन यांनी प्रकाशकांशी केलेल्या करारामुळे बॅटमॅनचे श्रेय एकट्या केन यांच्या नावावर होते आणि फिंगर हे त्यांचे पगारी लेखक ठरले होते. स्वभावाने भिडस्त असलेल्या फिंगर यांनी हक्कासाठी झगडा मांडला नाही.

१९६५ साली न्यूयॉर्कमधील एका चित्रकथा संमेलनात ते प्रथमच रसिकांपुढे बोलले. त्यानंतर जेरी बेल्स या अभ्यासू रसिकाने लेख लिहून त्यांचा वाटा उघड केला. केन यांनी खुले पत्र लिहून तो दावा फेटाळला. १९६६ साली बॅटमॅनच्या दूरचित्रवाणी मालिकेतील क्लॉक किंग या खलनायकाची दोन भागांची कथा फिंगर यांनी चार्ल्स सिंक्लेअर यांच्यासोबत लिहिली आणि तेव्हा पडद्यावर त्यांचे नाव झळकले. १८ जानेवारी १९७४ रोजी मॅनहॅटनमधील घरी त्यांचे निधन झाले. वय ५९ वर्षे होते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात केन यांनी, फिंगर यांना श्रेय मिळायला हवे होते, अशी खंत व्यक्त केली. परंतु ऐकायला फिंगर हयात नव्हते.

पुढचे काम इतरांनी केले. उपेक्षित चित्रकथालेखकांसाठी २००५ साली फिंगर यांच्या नावे पुरस्कार सुरू झाला. त्यामागे जेरी रॉबिन्सन यांचा पुढाकार होता. लेखक मार्क टायलर नोबेलमन यांनी वर्षानुवर्षे कागदपत्रे धुंडाळून २०१२ मध्ये फिंगर यांचे चरित्र प्रसिद्ध केले. फिंगर यांची नात अथीना हिने आजोबांच्या श्रेयासाठी पाठपुरावा केला. अखेर सप्टेंबर २०१५ मध्ये डीसी या प्रकाशनसंस्थेने केन यांच्यासोबत फिंगर यांचे नाव देण्याचे जाहीर केले. पहिल्या कथेला तेव्हा ७६ वर्षे उलटली होती.

ब्राँक्समध्ये एडगर अ‍ॅलन पो यांच्या नावाचे एक उद्यान आहे. तेथील बाकांवर बसून केन आणि फिंगर बॅटमॅनच्या कथा रचत असत. त्या उद्यानालगतच्या रस्त्याच्या कोपऱ्याला डिसेंबर २०१७ मध्ये 'बिल फिंगर वे' असे नाव देण्यात आले. ज्या नावाला अंकाच्या पहिल्या पानावर जागा मिळाली नव्हती, ते आता तेथील पाटीवर वाचता येते.