वेळ कुठं जातो ते बघणारी ॲडा

आमच्या बचत गटाचे पेढे, चटण्या, पापड विकायला लेकीनं वेबसाइट करायला घेतलीय. पण यादीचं पान उघडेपर्यंत चहाला आधण यायचं! मग तिनं लॅपटॉपवर, जिथं ती वेबसाइट तयार करतेय तिथंच, वेळ मोजणारं साधन बसवलं. त्याला प्रोफायलर म्हणतात. त्यात दिसलं, की प्रत्येक पदार्थाच्या किमतीसाठी प्रोग्राम वेगळा खेटा घालतोय. वरणाला डाळीचा एकेक दाणा आणायला कोठीत जावं, तसं. सगळ्या किमती एकदम मागवल्या आणि पान पटकन उघडलं.

यंत्राचा वेळ वाचवायचा विचार मला आजकालचा वाटला होता. लेकीनं ॲडा लव्हलेसची गोष्ट सांगितली तेव्हा कळलं, तो पावणेदोनशे वर्षांहून जुना आहे.

ॲडा १० डिसेंबर १८१५ ला लंडनमध्ये जन्मली. वडील प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन. ती जेमतेम महिन्याची असताना आई तिला घेऊन माहेरी गेली, आणि बापलेकीची पुन्हा भेट झालीच नाही. पोरगी बापाच्या वळणावर जाऊ नये म्हणून आईनं तिला गणिताला लावलं. गोवरात पायातली ताकद गेली, बरेच दिवस कुबड्या घ्याव्या लागल्या. तरी अभ्यास सुटला नाही.

सतराव्या वर्षी तिला चार्ल्स बॅबेज भेटले. आकडेमोड करणारं मोठं यंत्र त्यांनी कागदावर आखलं, ते पुरं कधी झालंच नाही. १८३५ मध्ये ॲडाचं लग्न झालं, तीन लेकरं झाली. १८४३ मध्ये तिनं या यंत्रावरच्या एका फ्रेंच लेखाचं भाषांतर केलं आणि वर स्वतःच्या टिपा जोडल्या, मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट! त्यात एका अवघड गणिताचा २५ पायऱ्यांचा तक्ता आहे. त्यातल्या कोणत्या पायऱ्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात, तेही तिनं दाखवलं. एकच गणित अनेक तऱ्हांनी मांडता येतं, त्यातली कमीत कमी वेळ घेणारी तऱ्हा निवडावी, हेही तिनं लिहून ठेवलं. जे यंत्र कुणी चालताना पाहिलंच नव्हतं, त्याच्या वेळेचा हिशेब बाई घरी बसून करत होती! आणि खाली नाव काय, तर नुसती आद्याक्षरं, ए. ए. एल.

घोड्यांच्या शर्यतीत तिनं पैसेही बरेच घालवले, तेही सांगायला हवं. २७ नोव्हेंबर १८५२ ला, वयाच्या ३६ व्या वर्षी, गर्भाशयाच्या कर्करोगानं ती गेली. तिच्या इच्छेप्रमाणे तिला वडिलांशेजारी पुरलं. पुढं १९७९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं कॉम्प्युटरच्या एका भाषेला तिचं नाव दिलं.

आमच्याकडं आता फोटोंचं पान राहिलंय. तेही रेंगाळतंय म्हणे.