ग्रे आउल : सापळा आणि मुखवटा

गेल्या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत मी ग्रे आउल या माणसावर बोललो. टाळ्या मिळाल्या, दुसरे बक्षीसही मिळाले. बक्षीस समारंभानंतर आमच्या एका सरांनी सहज विचारले, की हा मूळचा कुठला? मी मेक्सिको असे उत्तर दिले. ते खोटे होते, आणि ते खोटे आहे हे मला ठाऊक होते. खरे सांगितले तर उभी केलेली मूर्ती कोसळेल, अशी भीती मला वाटली. सर काही बोलले नाहीत. परंतु ते उत्तर तेव्हापासून मनात सलते आहे. म्हणून भाषणात गाळलेल्या वाक्यानेच हा लेख सुरू करतो.

ग्रे आउलचा जन्म १८ सप्टेंबर १८८८ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी झाला. त्याचे खरे नाव आर्चिबाल्ड बेलनी. वडील घर सोडून गेलेले. मुलाला वाढवले आजीने आणि दोन आत्यांनी. घरची शिस्त कडक. एकलकोंडा आर्ची प्राणी पाळी, रानात भटके आणि अमेरिकेतील आदिवासींच्या गोष्टींत रमून जाई. त्या काळी त्या लोकांना सरसकट रेड इंडियन म्हणत. आपणही त्यांच्यापैकीच एक व्हावे, हे वेड त्याच्या डोक्यात तेव्हाच शिरले असावे. १९०६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो जहाजाने कॅनडाला गेला.

उत्तर ओंटारिओतील टेमागामी सरोवराच्या परिसरात त्याची ओजिब्वे लोकांशी गाठ पडली. १९१० मध्ये त्याने त्यांच्यातीलच अँजेल या तरुणीशी लग्न केले. होडी वल्हवणे, भाषा, रानवाटा हे सारे तो या लोकांकडून शिकला. आणि शिकला सापळे लावण्याची विद्या.

ही विद्या म्हणजे नुसते लोखंड मांडून ठेवणे नव्हे. जनावराची लव दाट होते ती कडाक्याच्या थंडीत. म्हणून फरचा धंदा हिवाळ्याचा. सरोवरे गोठण्याआधीच पीठ, खारवलेले मांस, चहा आणि काडतुसे होडीतून रानात नेऊन ठेवायची. मग बर्फ पडले, की जाळीदार रुंद जोडे पायांत बांधून मैलोन्‌मैल पसरलेल्या सापळ्यांच्या वाटेवर निघायचे. सामान ओढायला बिनचाकाची घसरगाडी. सापळ्याला माणसाचा वास राहू नये याची काळजी घ्यायची. बर्फाने तो बुजू नये म्हणून वर स्प्रूसच्या फांद्यांचे छप्पर करायचे. बर्फ पडले की पुन्हा साऱ्या वाटेवर फिरून सापळे मोकळे करायचे. मार्टेन, मिंक, लिंक्स, कोल्हा अशी प्रत्येक जनावराची वाट निराळी, खोड निराळी.

सर्वांत महत्त्वाचे जनावर म्हणजे बीव्हर. हा पाण्यात राहणारा, मोठाले दात आणि चपटी शेपटी असलेला प्राणी. झाडे कुरतडून पाडतो, ओढ्यावर बांध घालतो आणि फांद्या-चिखलाचे घर बांधतो. घराचे दार पाण्याखाली. हिवाळ्यात तो झोपून राहत नाही. शरद ऋतूत पाण्यात साठवून ठेवलेल्या फांद्यांवर सारे कुटुंब जगते. घराच्या माथ्यावरील फटीतून आतली ऊब बाहेर येते आणि तिथे पांढरे दव गोठते. त्यावरून घर नांदते आहे हे शिकाऱ्याला कळते. मग तो बर्फाला भोक पाडून पाण्याखाली सापळा लावतो आणि आमिष म्हणून पॉप्लरची ओली फांदी ठेवतो. अडकलेला बीव्हर बर्फाखालून वर येऊ शकत नाही. तो बुडून मरतो. याच्या लवेपासून केलेल्या नमद्याच्या टोप्या युरोपात शतकानुशतके खपल्या. कॅनडाचा इतिहासच या जनावराच्या कातड्यावर लिहिला गेला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आर्ची या कामात तरबेज झाला. संसारात मात्र तो कधीच टिकला नाही. अँजेल आणि लहान मुलगी यांना सोडून तो निघून गेला. १९१५ मध्ये सैन्यात भरती झाला, फ्रान्सच्या आघाडीवर नेमबाज म्हणून लढला आणि १९१६ मध्ये पायाला जखम होऊन इंग्लंडला परतला. तिथे १९१७ साली, अँजेल हयात असताना, त्याने आयव्ही होम्स या बालमैत्रिणीशी लग्न केले आणि तिलाही मागे टाकून तो एकटाच कॅनडाला गेला. भाषणात मी हेही गाळले होते.

परत आला तेव्हा रान बदलले होते. महायुद्धानंतर फरचे भाव चढले होते आणि झटपट पैशाच्या मागे लागलेली माणसे रानात घुसली होती. ओढ्यांमागून ओढे बीव्हरविना ओस पडत होते. १९२५ साली त्याला गर्ट्रूड बर्नार्ड ही मोहॉक वंशाची तरुणी भेटली. तिला तो अनाहारिओ म्हणू लागला. ती त्याच्याबरोबर रानात राहायला गेली, सापळ्यांच्या वाटेवर चालली, आणि सापळ्यात तडफडणारी जनावरे पाहून तिचे मन उठले.

१९२८ साली त्याच्या सापळ्याने एका बीव्हर मादीचा बळी घेतला. घरात तिची दोन पिल्ले उरली. बीव्हरच्या पिल्लाचे रडणे थेट तान्ह्या मुलासारखे असते. त्यांनाही मारून टाकावे, असे त्याच्या मनात होते. अनाहारिओने हट्ट धरला आणि पिल्ले वाचली. मॅकगिनिस आणि मॅकगिंटी अशी त्यांची नावे ठेवली. ती खोपटात वाढली, त्यांच्या अंथरुणात झोपली. पुढे एके दिवशी ती दोघे नाहीशी झाली, पुन्हा सापडली नाहीत. तोवर या पट्टीच्या शिकाऱ्याने बीव्हर मारणार नाही असे ठरवले होते. ज्याला दुसरा धंदा येत नव्हता, ज्याची पोटाची सोय सापळ्यावर होती, त्याने सापळा टाकला. माझ्या मते या चरित्रातील सर्वांत धाडसाची गोष्ट हीच. आणि तिची सुरुवात त्याच्यापासून नव्हे, अनाहारिओपासून झाली.

पोटासाठी तो लिहू लागला. १९३१ मध्ये त्याचे पहिले पुस्तक निघाले. त्याच वर्षी कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने त्याला नोकरी दिली. सस्कॅचवानमधील प्रिन्स अल्बर्ट राष्ट्रीय उद्यानात, अजावान सरोवराकाठी, त्याची ओंडक्यांची खोली उभी राहिली. जेली रोल आणि रॉहाइड या बीव्हरांनी आपले घर तिच्या भिंतीला भिडवून थेट आतपर्यंत आणले. वेणी घातलेला, कातड्याचे कपडे ल्यालेला हा माणूस आता ग्रे आउल म्हणून प्रसिद्ध झाला. बाप स्कॉटिश, आई अपाची, जन्म मेक्सिकोचा, असे तो सांगे. १९३५ ते १९३८ या काळात इंग्लंडच्या दोन दौऱ्यांत त्याने असंख्य व्याख्याने दिली. डिसेंबर १९३७ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राजा सहावा जॉर्ज आणि त्याच्या मुलींसमोर तो बोलला. लेस्टरमधील त्याच्या व्याख्यानाला रिचर्ड आणि डेव्हिड हे अ‍ॅटनबरो बंधू गेले होते. आपल्याला ‘गांधी’ चित्रपटामुळे परिचित असलेल्या रिचर्ड यांनी पुढे १९९९ मध्ये त्याच्यावर चित्रपट काढला. हेस्टिंग्जच्या आत्यांनी आपला आर्ची ओळखला. पण त्या गप्प राहिल्या.

दौऱ्याने थकून परतल्यावर १३ एप्रिल १९३८ रोजी न्यूमोनियाने त्याचा मृत्यू झाला. लगेच नॉर्थ बे येथील वृत्तपत्राने त्याचे बिंग फोडले. त्या संपादकांना ही बातमी जवळजवळ तीन वर्षे ठाऊक होती. ती छापली तर त्याच्या कार्याला धक्का बसेल, म्हणून त्यांनी ती राखून ठेवली होती. पुढे तसेच घडले. अनेकांचा त्याच्या शब्दांवरचा विश्वास उडाला.

मग त्याला काय म्हणावे? ज्या लोकांनी त्याला रान शिकवले, त्यांचा वेष त्याने पांघरला. त्या वेषाचे कौतुक त्याला मिळाले. त्याच काळात त्या लोकांना स्वतःच्या देशात मतदानाचाही पूर्ण हक्क नव्हता. हे विसरून चालणार नाही. टाकलेल्या बायकामुलांचे दुःखही पुस्तकांनी भरून निघत नाही. पण बीव्हरविषयी तो जे बोलला ते खोटे नव्हते. आज कॅनडात बीव्हर पुन्हा मुबलक आहेत. त्याचे श्रेय एकट्या ग्रे आउलचे नाही. शिकारबंदी आणि पुनर्वसन यांमागे अनेक हात होते. त्यांत एक हात त्याचाही होता.

स्पर्धेत मी निर्दोष माणूस उभा केला, कारण चांगल्या कामाला निर्दोष माणूसच लागतो, असे मला वाटत होते. आता तसे वाटत नाही. सर, आपण विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर हेस्टिंग्ज, इंग्लंड असे आहे. ते त्याच दिवशी द्यायला हवे होते.