भाषेचे कर्तृत्व आणि स्वामित्व : डॉ. झामेनहॉफ यांचे चरित्र

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी ब्रह्मविद्येचे निरूपण मराठीत केले. त्यांच्या पश्चात विद्वान शिष्यांचा ओढा संस्कृताकडे वळू लागला, तेव्हा आचार्य श्रीनागदेवांनी केशिराजबासांना व पंडितबासांना मराठीतच राहावयास सांगितले. साध्या म्हाताऱ्या बायांना शास्त्र अंतरू नये, हा त्यामागील हेतू स्मृतिस्थळाच्या वाचकांस ठाऊकच आहे. पुढे काळ फिरला. ग्रंथांच्या रक्षणार्थ आपल्याच पूर्वजांना सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या योजाव्या लागल्या. एकीकडे सर्वांसाठी उघडलेली भाषा आणि दुसरीकडे मोजक्यांसाठी मिटलेली लिपी, असे दोन्ही अनुभव आपल्या पंथाच्या पदरी आहेत. म्हणूनच ज्या पुरुषाने एक संपूर्ण भाषा स्वतः घडविली आणि घडवून होताच ती सर्वांच्या स्वाधीन केली, त्याचे चरित्र आपण समजून घेण्याजोगे आहे. त्या पुरुषाचे नाव डॉ. लुडविक लाझार झामेनहॉफ आणि त्याच्या भाषेचे नाव एस्पेरांतो.

झामेनहॉफ यांचा जन्म १५ डिसेंबर १८५९ रोजी बियालिस्टोक या गावी एका यहुदी कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि यहुदी असे चार समाज राहत. चौघांच्या भाषा निराळ्या, धर्म निराळे आणि परस्परांविषयीचा संशय मात्र सारखा. वडील मार्कुस हे फ्रेंच व जर्मन भाषांचे शिक्षक, बुद्धिवादी वृत्तीचे, आई श्रद्धाळू. माणसे सर्व भावंडे आहेत, ही शिकवण मुलाला घरात मिळे आणि दाराबाहेर पाऊल टाकताच तिचा पडताळा उलटा येई. रस्त्यावर माणूस भेटत नव्हता. रशियन भेटे, पोल भेटे, जर्मन भेटे, यहुदी भेटे. या दुःखाचे मूळ भाषाभेदात आहे, अशी त्या बालकाची समजूत झाली. ती समजूत अपुरी होती, हे त्यांना पुढे कळून आले. परंतु त्यांच्या साऱ्या उद्योगाचे बीज तीच होय.

१८७३ मध्ये कुटुंब वॉर्सा येथे आले. तेथील विद्यालयात त्यांनी लॅटिन व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. प्रथम त्यांना वाटले की या प्राचीन भाषांपैकीच एखादी जगाने स्वीकारावी. परंतु त्यांचे व्याकरण सामान्य जनांना झेपणारे नाही, हे लवकरच ध्यानात आले. मग नवी भाषाच रचण्याचा विचार दृढ झाला. नंतर इंग्रजी शिकताना त्यांना आढळले की नामांची व क्रियापदांची पुष्कळशी रूपे गळून गेली तरी भाषेचे काही अडत नाही. व्याकरणाचे ओझे अशा रीतीने उतरले. शब्दांच्या राशीचे ओझे तेवढे उरले.

हा दुसरा प्रश्न सुटला तो रस्त्यावर. दुकानांच्या व घरांच्या रशियन पाट्या वाचताना त्यांच्या लक्षात आले की द्वारपालाच्या खोलीचे नाव आणि मिठाईच्या दुकानाचे नाव, दोन्हींचा शेवट एकाच प्रत्ययाने होतो. एक प्रत्यय कळला की अनेक शब्द आपोआप कळतात. प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही. मराठीत धोबी, तेली, माळी या शब्दांचा शेवट सारखा दिसतो; पण त्याच नियमाने कोणत्याही धंद्यावरून नाव बनवू गेल्यास भाषा साथ देत नाही. झामेनहॉफ यांनी असे प्रत्यय निवडून त्यांना अपवादरहित केले. लेर्नी म्हणजे शिकणे, तर लेर्नेयो म्हणजे शिकण्याचे ठिकाण, अर्थात शाळा. पात्रो म्हणजे पिता, पात्रीनो म्हणजे माता. बोना म्हणजे चांगला, मालबोना म्हणजे वाईट. विरोधी अर्थासाठी एकच उपसर्ग ठेवल्याने किती तरी विशेषणे पाठ करण्याचे श्रम वाचले. नामाचा शेवट ओकाराने, विशेषणाचा आकाराने, क्रियाविशेषणाचा एकाराने; वर्तमान, भूत व भविष्य या काळांना प्रत्येकी एक प्रत्यय, तो सर्व पुरुषांत व वचनांत सारखा. सारे मूळ व्याकरण सोळा नियमांत मावले.

धातू कोठून घ्यावेत, हाही मोठा विचाराचा भाग होता. आरंभी त्यांनी अक्षरे निरनिराळ्या प्रकारे जोडून आखूड शब्द बनवून पाहिले. ते हिशेबी होते, सुटसुटीत होते. पण स्वतः निर्मात्याच्याच ध्यानात राहीनात. ज्या शब्दामागे कोणाचे बोलणे नाही तो शब्द स्मरणात रुजत नाही, हा धडा त्यांनी घेतला. मग त्यांनी लॅटिन व तिच्यापासून निघालेल्या भाषांतून पुष्कळ आणि जर्मन, इंग्रजी इत्यादींतून काही धातू घेतले. अनेक भाषांत जो शब्द आधीच ओळखीचा आहे, त्याला त्यांनी आपल्या भाषेत बहुधा अग्रमान दिला.

ध्वनी व लेखन यांविषयीची त्यांची दृष्टी नागरी लिपीत वाढलेल्या वाचकास विशेष जवळची वाटेल. एका ध्वनीस एक अक्षर आणि एका अक्षरास एक ध्वनी, हा त्यांचा नियम. स्वर पाचच ठेवले. ऱ्हस्वदीर्घाचा भेद ठेवला नाही. आघात नेहमी उपान्त्य स्वरावर. या बाबतीत ही भाषा आपल्या मराठीच्याही पुढे गेली आहे. आपण चार आणि चूल हे दोन्ही शब्द एकाच चकाराने लिहितो, उच्चार मात्र दोन करतो. नवख्याला हे कोणी तरी सांगावे लागते. एस्पेरांतोत या दोन ध्वनींना दोन अक्षरे आहेत. मात्र येथे एक अडचणही आली. रोमन वर्णमाला अपुरी पडल्याने त्यांनी सहा अक्षरांच्या माथ्यावर खुणा दिल्या, आणि असे खिळे पुष्कळ छापखान्यांत नसत. उच्चाराची सोय साधली, मुद्रणाची गैरसोय झाली. दोष नाही अशी मानवी रचना नसते.

१८७८ च्या डिसेंबरात, शाळेच्या शेवटच्या वर्षी, मूठभर सोबत्यांनी या भाषेच्या पहिल्या रूपाचा जन्मोत्सव केला. पुढे पदव्या मिळाल्या, धंदे सुरू झाले, आणि सोबती हळूहळू बाजूस झाले. झामेनहॉफ वैद्यक शिकण्यासाठी मॉस्कोस गेले. वडिलांना मुलाच्या भवितव्याची काळजी वाटे. अभ्यास पुरा होईपर्यंत भाषेचा नाद बाजूस ठेवण्याचे वचन त्यांनी घेतले आणि कागदांचा गठ्ठा आपल्याजवळ ठेवून घेतला. मुलगा परतला तेव्हा तो गठ्ठा वडिलांनी जाळून टाकलेला होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. परंतु भाषा कागदावर नव्हती, ती स्मरणात होती. हे वाचताना लीळाचरित्राची आठवण झाल्यावाचून राहत नाही. परचक्राच्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी गहाळ झाली आणि हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध झाले. दोन प्रसंगांची योग्यता एक नव्हे. तेथे ईश्वरलीळा होत्या, येथे मनुष्याची कृती. परंतु ज्याचे ध्यान लागले ते अग्नीने किंवा लुटीने नाहीसे होत नाही, एवढे साम्य खरे.

पुन्हा उभारलेली भाषा त्यांनी लगेच प्रसिद्ध केली नाही. सुमारे सहा वर्षे ते तिच्यात लिहीत, भाषांतर करीत, विचार करीत राहिले. कागदावर निर्दोष वाटणारे नियम वापरात अडखळतात, हे त्यांना दिसले. अनेक रूपे त्यांनी टाकली, अनेक बदलली. मनात दुसऱ्या भाषेचे वाक्य न आणता थेट नव्या भाषेत विचार सुचू लागला, तेव्हा तिच्यात प्राण आला असे त्यांनी मानले.

दरम्यान त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली होती व नेत्रवैद्याचा व्यवसाय पत्करला होता. २६ जुलै १८८७ रोजी वॉर्सा येथे रशियन भाषेत सुमारे चाळीस पानांचे पुस्तक निघाले. त्याच वर्षी त्यांचा विवाह क्लारा झिल्बर्निक यांच्याशी झाला. छपाईचा खर्च सासऱ्यांनी दिलेल्या पैशांतून भागला. पुस्तकात सोळा नियम व सुमारे नऊशे धातू होते. स्वतःचे नाव न घालता त्यांनी आशा धरणारा डॉक्टर या अर्थाचे टोपणनाव घेतले; त्यातील आशा धरणारा या अर्थाचा शब्द एस्पेरांतो, आणि लोकांनी भाषेलाच ते नाव दिले. याच पुस्तकात त्यांनी जाहीर केले की ही भाषा आता सर्वांची आहे, तिच्यावर निर्मात्याचा कोणताही हक्क नाही.

या एका वाक्याचे मोल दुसऱ्या एका उदाहरणावरून कळते. योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूने याच सुमारास वोलाप्यूक नावाची भाषा रचली होती. जग व बोलणे या अर्थांच्या इंग्रजी शब्दांना इतके कापले-छाटले होते की त्यांतून निघालेले हे नावच कोणास ओळखू येईना. तरी तिचे पुष्कळ अनुयायी झाले. पण भाषेत बदल करण्याचा अंतिम अधिकार आपलाच, हा आग्रह श्लायरनी सोडला नाही. १८८९ च्या पॅरिस येथील सभेनंतर वाद विकोपास गेला, आणि काही वर्षांत ती चळवळ विस्कटली. झामेनहॉफ यांच्याही भाषेत सुधारणा सुचविणारे निघाले. १८९४ मध्ये त्यांनी स्वतःच बदलांचा मसुदा मांडून मतदान घेतले. बहुमत जुन्या रूपाच्या बाजूने पडले आणि निर्मात्याने ते मान्य केले. १९०५ मध्ये फ्रान्समधील बूलोन्य-सुर-मेर येथे पहिली जागतिक सभा भरली. ६८८ लोक आले. तेथे ठरले की फुंदामेंतो हा मूळ ग्रंथ तेवढा अचल राहावा, त्यावर कोणाचीही, निर्मात्याचीही, सत्ता नसावी. नवे शब्द भर म्हणून यावेत, परंतु मूळ कोणी मोडू नये. सूत्राचे अक्षर न हलविता अन्वयस्थळ व लक्षणस्थळ रचणाऱ्या आपल्या परंपरेस ही मर्यादा परकी वाटणार नाही. १९१२ मध्ये क्राकोव येथे त्यांनी पुढारीपणही विधिपूर्वक सोडले.

परंतु या चरित्रातील सर्वांत शिकण्याजोगा प्रसंग याहून निराळा आहे. १९०६ च्या जूनमध्ये त्यांच्या जन्मगावी, बियालिस्टोक येथे, यहुद्यांची कत्तल झाली. भाषा प्रसिद्ध होऊन एकोणीस वर्षे लोटली होती. त्याच वर्षी जिनीव्हा येथील सभेत त्यांनी त्या रक्तपाताविषयी सांगितले. केवळ भाषाभेदामुळे द्वेष होतो असे नव्हे, तो हेतुपुरस्सर पेटविला जातो, हे त्यांना दिसत होते. सर्व धर्मांच्या लोकांनी एकमेकांशी सम भावाने वागावे अशी आचारसंहिताही त्यांनी मांडली. अनेक अनुयायांना ती नको होती. त्यांना व्यवहाराची भाषा हवी होती, तिच्यामागचा आचार नको होता. याचे दुःख त्यांनी कटुतेविना सोसले.

दिवसा ते वॉर्साच्या गरीब वस्तीत अल्प मोबदल्यात डोळे तपासत. रात्री पत्रांना उत्तरे लिहीत. हिब्रू धर्मग्रंथाचे एस्पेरांतो भाषांतर त्यांनी अखेरच्या वर्षांत पूर्ण केले. महायुद्ध चालू असताना १४ एप्रिल १९१७ रोजी ते निवर्तले. दुसऱ्या महायुद्धात नात्झींनी त्यांच्या तिन्ही अपत्यांचे प्राण घेतले. भाषा मात्र राहिली. आजही ती अनेक देशांत बोलली व लिहिली जाते.

या चरित्रातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. जो आपली कृती माझी म्हणून धरून ठेवतो, त्याच्या हाती ती सुकते. जो सोडतो, त्याची कृती लोकांत वाढते. ममत्वाचा त्याग हा केवळ संन्याशाचा धर्म नव्हे, कर्त्याचाही आहे. दुसरी गोष्ट आपल्यासाठी अधिक कठीण आहे. समान भाषा मनुष्यास मनुष्याचे बोलणे कळविते. त्याचे मन शुद्ध करीत नाही. शब्द विचारापर्यंत पोहोचवितो, पुढचे अंतर आचारानेच चालावे लागते. ब्रह्मविद्या मराठीत सांगितली गेली, म्हणून ती सर्वांना कळण्याजोगी झाली. आचरावी मात्र ज्याची त्यानेच. सांकेतिक लिपीचे कुलूप आज उघडलेले आहे, पोथ्या छापून घरोघर आल्या आहेत. आता न कळण्याची सबब आपल्यापाशी उरलेली नाही.

॥ दंडवत प्रणाम ॥