हिशेब मागणारे वीर नरिमन

मंडळाच्या प्रत्येक स्मरणिकेत एका थोर व्यक्तीची ओळख करून देण्याची आपली प्रथा आहे. जमनालालजी, जानकीदेवी, विनोबा यांच्यावर आपल्या भगिनींनी पूर्वी लिहिले आहे आणि पुढेही लिहितील. या खेपेस मी वीर नरिमन यांचे नाव सुचविले तेव्हा बैठकीत एक-दोघींनी विचारले, की हे मुंबईचे पारशी वकील, त्यांचा आपल्या वर्ध्याशी संबंध काय? संबंध आहे, भगिनींनो. पण तो फारसा सुखाचा नाही, म्हणूनच कोणी सांगत नसावे.

माझा स्वतःचा संबंध एका खोलीपुरता. लग्न होऊन मी हिंगणघाटहून १९६९ साली मुंबईस गेले, ती थेट वरळीच्या बी. डी. डी. चाळीत. यजमान गिरणीत होते. खोली चुलत दिरांच्या नावे, सुमारे १६० चौरस फुटांची. तीत आम्ही सात माणसे. मजल्यावर वीस खोल्या, मधून एक लांब अंधारी वाट, संडास सर्वांचे मिळून. पहिल्या दिवशी त्या वाटेत मला आपले दार सापडेना आणि शेजारच्या दारात उभी राहून मी रडू लागले. तिथल्या माउलीने हात धरून घरी पोचविले. पुढे चौदा वर्षे तीच वाट मी सारवल्या अंगणासारखी झाडली. या चाळी कोणी बांधल्या, कशासाठी बांधल्या, हा प्रश्न त्या चौदा वर्षांत मला एकदाही पडला नाही. तो पडला वर्ध्यास परत आल्यावर, ग्रंथालयातील जुनी पुस्तके चाळताना. आणि त्या शोधात नरिमन भेटले.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत कामगारांना राहावयास जागा उरली नव्हती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली डेव्हलपमेंट खाते काढले. या खात्याकडे दोन मोठी कामे होती. एक, आठ वर्षांत कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधणे. आणि दुसरे, कुलाब्याच्या बाजूस बॅक बे म्हणतात तो समुद्र हटवून १,१४५ एकर नवी जमीन काढणे. चाळींच्या खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसला. आपल्या वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाच्या गाठीही मुंबईस जातच होत्या. तेव्हा त्या चाळींच्या भिंतींत आपल्याकडच्या शेतकऱ्याचाही घाम थोडाबहुत मुरला असावा, असे मी आपली मानते.

याच सुमारास खुर्शेद फ्रामजी नरिमन हे नाव पुढे आले. त्यांचा जन्म १८८३ चा. वकिली उत्तम चालत होती. स्वराज्य पक्षातर्फे ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि त्यांनी डेव्हलपमेंट खात्याचा पिच्छा पुरविला. समुद्रात भिंत घालून आत बंदरातला गाळ ओतावयाचा, अशी ती योजना होती. पण भिंतीला फटी, गाळ पातळ. आत टाकलेला चिखल पुन्हा समुद्रात वाहून जाई. गळक्या रांजणात पाणी भरावे तसा सारा प्रकार, आणि रांजण भरणाऱ्याला मजुरी मात्र पुरी! नरिमनांनी नकाशे, करारनामे, मोजमापे यांचा कसून अभ्यास केला आणि जाहीर आरोप केले. १९२६ साली सरकारला सर ग्रिमवुड मीअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. खात्यातील हार्वे नावाच्या इंजिनिअराने नरिमनांवर अब्रुनुकसानीचा खटला भरला. गोरा अधिकारी फिर्यादी आणि हिंदी वकील आरोपी, असा हा खटला मुंबईत घरोघर चर्चेचा विषय झाला. १९२८ साली नरिमन निर्दोष सुटले. लोक त्यांना वीर म्हणू लागले ते या लढ्यामुळे. समुद्र हटविण्याच्या आठ भागांपैकी चारच पुरे झाले.

आता खरे तेच सांगावयाचे, तर नरिमनांचा मुख्य रोख समुद्रावर होता, चाळींवर नव्हे. पण खाते तेच होते आणि चाळींच्या योजनेलाही कात्री लागली. सहाशे पंचवीस चाळी व्हावयाच्या होत्या, त्या २०७ वर थांबल्या. वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाईल रोडला म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गाला ३२ आणि शिवडीस १२. हिशेब मागणाऱ्यांमुळे गरिबांची घरे अडली, असे कोणी म्हणेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु बांधून झालेल्या वरळीच्या खोल्यासुद्धा कित्येक वर्षे रिकाम्या पडून होत्या. गिरणी लांब, बाजार लांब. ज्यांनी खोल्या आखल्या त्यांनी चूल कोठे पेटेल, धूर कोठून जाईल, बाई पाणी कोठून आणील, हे कोणाही बाईला विचारले नव्हते. अखेर १९३० च्या सत्याग्रहात सरकारने त्या ओस चाळींचा तुरुंग केला! कामगारांसाठी बांधलेल्या घरांत सत्याग्रही कोंडले गेले. आमच्या चाळीतल्या जुन्या म्हाताऱ्या हे सांगत, तेव्हा आम्हा सुनांना ती थट्टा वाटे.

नरिमन स्वतः मिठाच्या सत्याग्रहात मुंबईत आघाडीवर होते, तुरुंगात गेले. मुंबई प्रांतिक काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. १९३४ साली मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन भरले त्याचे स्वागताध्यक्ष तेच, आणि १९३५-३६ साली शहराचे महापौरही तेच. पण स्वभाव फटकळ. १९३३ साली पुस्तक लिहून त्यांनी खुद्द गांधीजींच्या मार्गावर टीका केली. ज्या जिभेने सरकारला हिशेब विचारला तीच घरच्यांनाही विचारू लागली, तर घरचे किती दिवस ऐकून घेतात, हे आपण बायका चांगले जाणतो.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबई प्रांतात मोठा विजय मिळविला. मुख्यमंत्री नरिमन होणार, असे शहर धरून चालले होते. निवड झाली ती बाळासाहेब खेर यांची. खेर सज्जन आणि साधे, त्यांच्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. पण सरदार वल्लभभाई पटेलांनी आपले वजन विरुद्ध बाजूला टाकले, अशी तक्रार नरिमनांनी केली. उलट बाजूने जुने प्रकरण निघाले: १९३४ च्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार कन्हैयालाल मुनशी पडले आणि सर कावसजी जहांगीर आले, त्यात नरिमनांनी पक्षाशी दगा केला, असा ठपका.

आणि येथे आपले वर्धा येते. त्या काळात देशाचे मोठे निर्णय बजाजवाडीत होत असत; १९३७ च्या जुलैत मंत्रिपदे स्वीकारण्याचा ठरावही येथेच झाला. गांधीजी शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहत होते. नरिमनांच्या प्रकरणाची चौकशी त्यांनी आणि बहादूरजी या नामांकित पारशी कायदेपंडितांनी केली. ऑक्टोबरात निकाल आला, तो नरिमनांच्या विरुद्ध. नरिमनांनी आधी तो लेखी मान्य केला, मग मान्यता मागे घेतली. पुढे कार्यकारिणीने त्यांना विश्वासाच्या पदास अपात्र ठरविले. त्याच ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली होती आणि नई तालीमची ती आठवण आपण दरवर्षी कौतुकाने काढतो. त्याच महिन्यातली ही दुसरी गोष्ट आपण काढीत नाही.

निकाल बरोबर होता की नाही? बहादूरजी काही कोणाचे मिंधे नव्हते, आणि नरिमनांनी सही करून फिरणे हेही शोभले नाही. पण मौलाना आझादांसारख्या कार्यकारिणीतल्याच ज्येष्ठाने, त्यांच्या मृत्यूनंतर १९५९ साली निघालेल्या आठवणींत, नरिमनांवर अन्याय झाला असेच मत नोंदविले आहे. माझे मत विचाराल, तर चूक दोहोंकडे असेल, शिक्षा मात्र एकालाच झाली. सेवाग्रामची माती कपाळी लावणारी मी. तरीही मला असे वाटते, ते लिहून ठेवते.

नंतर नरिमन काही काळ सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकबरोबर राहिले. स्वातंत्र्य आले ते त्यांनी पाहिले. ऑक्टोबर १९४८ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय पासष्ट होते. त्याच वर्षी मुंबईत सरकारने गृहनिर्माण मंडळ स्थापले, आणि गरिबांच्या घरांचा प्रश्न नव्या पक्षांच्या हाती नव्याने गेला.

तो कसा गेला हे मी डोळ्यांनी पाहिले. १९७४ च्या जानेवारीत पोटनिवडणुकीच्या वेळी वरळीच्या चाळींत दलित पँथर आणि शिवसेना यांच्यात दंगल पेटली. एका जिन्याची माणसे दुसऱ्या जिन्यावर दगड टाकीत होती आणि आम्ही मुलांना मोरीत बसविले होते. १९८२ च्या संपात यजमानांची नोकरी गेली, दुसऱ्या वर्षी आम्ही वर्ध्यास आलो. खोली आमच्या नावे नव्हतीच, तेव्हा हक्काचा प्रश्न नव्हता. पुनर्बांधणीचे भूमिपूजन २०१७ साली एका सरकारने केले, २०२१ साली दुसऱ्याने. २०२२ साली तीन चाळींना तीन नावे जाहीर झाली: वरळीस बाळासाहेब ठाकरे, नायगावास शरद पवार, ना. म. जोशी मार्गास राजीव गांधी. सरकारात तेव्हा तीन पक्ष होते. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमच्या जुन्या मजल्यावरची एक सून फोनवर सांगत होती, की स्वयंपाकघराला खिडकी आहे. ती दोनदा बोलली: खिडकी आहे.

नरिमनांचे नाव चाळीला नाही. ते आहे एका रस्त्याला, आणि त्यांनी ज्यावरून खाते हलविले त्याच समुद्राच्या जमिनीला. अर्धवट सुटलेल्या त्या जागेवर स्वातंत्र्यानंतर भर घातली गेली आणि उंच इमारती उठल्या. ते नरिमन पॉइंट. रविवारी आम्ही वरळीहून बसने तेथे जात असू. एअर इंडियाची इमारत तेव्हा नवी होती. कठड्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात आम्ही लाटा पाहायचो, मुले टरफले पाण्यात टाकायची, आणि नरिमन हे एखाद्या गोऱ्या साहेबाचे नाव असावे, असे आम्ही दोघेही समजत होतो.